चाकूची मूठ कशाने बिघडते: घरातली रसायनं, ऊन आणि काळजीचा क्रम

चाकू घेताना सगळं लक्ष पात्याकडे असतं. पोलाद कोणतं, धार किती टिकेल, गंज चढेल का, हे आपण खोदून विचारतो. मूठ मात्र हाताला बरी लागली की विषय संपतो. जुने चाकू दुरुस्त करताना मला नेमकं उलटं दिसत आलंय. पातं घासून, धार लावून पुन्हा कामाला लागतं. मूठ मात्र फुगलेली, तडकलेली, चिकट झालेली किंवा आतून कुजलेली निघते. तिला कुणी आपटलेलं नसतं. रोजच्या धुण्यापुसण्याने आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हानेच ती गेलेली असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. रसायनं आणि ऊन ही दोन स्वतंत्र संकटं नाहीत, ती एकमेकांना वाट करून देतात. साबण तेलाचा थर उतरवतो आणि ऊन उघड्या लाकडावर पडतं. ऊन वरच्या थरात बारीक भेगा पाडतं आणि त्यांतून पाणी आत उतरतं. त्यामुळे फक्त एकाच बाजूने काळजी घेऊन भागत नाही.

हाताशी काय हवं

- मऊ सुती कापड आणि सौम्य भांडी घासायचं लिक्विड
- जुना मऊ टूथब्रश
- भिंग (मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालेल)
- कानात घालायचे कापसाचे बोळे असलेल्या काड्या
- ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर
- लाकडी मूठ असेल तर मिनरल ऑइल किंवा जवसाचं तेल, आणि थोडं मधमाशीचं मेण
- रबरी हातमोजे आणि धुळीचा मास्क
- चाकूबरोबर आलेला कागद, असलाच तर. मुठीचं साहित्य त्यावर लिहिलेलं असेल तर पुढची पहिली पायरी वाचते.

## १. आधी मूठ कशाची आहे ते ओळखा

ही पायरी टाळू नका. ज्या द्रवाने एका मुठीला काहीच होत नाही, त्यानेच दुसरी विरघळते.

लाकडाच्या रेषा मुठीच्या टोकावरून वळून पलीकडे जातात आणि टोकाशी भिंगातून बारीक छिद्रं दिसतात. रेझिन (जमून कडक होणारा चिकट द्रव) मुरवलेलं लाकूड दिसायला लाकूडच, पण हाताला जड आणि गार लागतं. पातळ थर चिकटवून केलेल्या प्रकारात कडेला समांतर पट्ट्या दिसतात.

मायकार्टा म्हणजे फेनॉलिक रेझिनमध्ये भिजवून दाबलेलं कापड किंवा कागद. जी-१० म्हणजे इपॉक्सीत (हेही एक रेझिन, चिकटवायलाही वापरतात) दाबलेलं काचतंतूंचं कापड. गोलाई दिलेल्या जागी दोन्हींवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वळणं उमटतात, म्हणून नव्या माणसाची गल्लत होते. ओलं बोट फिरवून पाहा. घासलेला, पॉलिश न केलेला मायकार्टा लगेच गडद होतो आणि वाळला की पुन्हा फिका पडतो. जी-१० मध्ये हा फरक फारच कमी असतो.

साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या मुठीवर बहुधा साच्याची बारीक शिवण सापडते. पॉलिप्रॉपिलीन हलकं, स्पर्शाला मेणचट. ॲसिटल (डेलरिन याच जातीचं) जड, कडक आणि गुळगुळीत. तीन रिव्हेटच्या (मूठ पात्याला जखडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) काळ्या मुठी पुष्कळदा याच्या असतात. काचतंतू घातलेलं नायलॉन खरखरीत आणि बिनचमकीचं. एबीएस कडक, चकचकीत. दाबल्यावर किंचित दबणारी मूठ रबराची किंवा रबरासारख्या प्लास्टिकची.

जुना, मोत्याच्या किंवा कासवाच्या पाठीच्या रंगछटेचा चाकू हाती आला, तर मुठीवर अंगठा जोरात घासा, ती गरम होऊ द्या आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड आहे. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून हे साहित्य बनतं आणि ते झटकन पेट घेतं.

याच कारणासाठी तापवलेली सुई टोचून साहित्य ओळखण्याचा जो उपाय ऐकायला मिळतो, तो करू नका. सेल्युलॉइड पेटेल, आणि इतर काही प्लास्टिकमधून विषारी धूर निघेल.

## २. सांध्यांवर नजर टाका

मूठ सहसा मधोमध बिघडत नाही. बिघाडाची सुरुवात पातं मुठीत शिरतं तिथे, रिव्हेटच्या कडेला आणि मागच्या टोकाला होते. या जागा भिंगातून पाहा. पातं आणि मुठीच्या मध्ये काळी रेघ दिसतेय का? रिव्हेटवरून नख फिरवल्यावर ते अडतंय का?

लाकूड ओलं झालं की आडवं फुगतं, लांबीत जवळपास काहीच वाढत नाही. लोखंड फुगत नाही. त्यामुळे प्रत्येक भिजण्यावाळण्यात सांध्यावर ताण येतो, चिकटवणी सुटते, फट पडते. त्या फटीत साबणाचं पाणी बसतं आणि पात्याचा आत दडलेला भाग गंजतो. गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो मूठ आतून उचकटतो. वरून ठणठणीत दिसणारी मूठ अचानक दुभंगते ती अशी.

प्लास्टिकही सारखं नसतं. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळपास पीतच नाही, ॲसिटल अगदी थोडं. नायलॉन मात्र बऱ्यापैकी पितं. काचतंतू न घातलेलं नायलॉन ६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या ८ ते १० टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतं. काचतंतू घातल्यावर हे प्रमाण उतरतं, म्हणूनच मुठींसाठी तो प्रकार वापरतात.

## ३. घरातल्या कोणत्या द्रवाने काय होतं

डिशवॉशर. लाकूड, हाड, शिंग, चामडं, सेल्युलॉइड यांच्यासाठी हा सगळ्यात मोठा शत्रू. पाणी बहुधा ५० ते ७० अंश सेल्सिअस, पावडर हाताने वापरायच्या लिक्विडपेक्षा कितीतरी अल्कधर्मी, आणि वर वाळवण्याची उष्णता. तेल, मेण, पॉलिश उतरतं, लाकूड फुगतं आणि लगेच कडकडीत वाळतं. ‘डिशवॉशरला चालेल’ असं लिहिलेली मूठसुद्धा हाताने धुतली तर जास्त टिकते. एकसंध साच्यातली पॉलिप्रॉपिलीनची मूठ हे सगळं सोसते. व्यावसायिक स्वयंपाकघरांत ती जास्त दिसते त्याचं हे एक कारण.

ब्लीच. त्यातलं सोडियम हायपोक्लोराइट लाकडातलं लिग्निन (तंतूंना घट्ट धरून ठेवणारा घटक) तोडतं, रंग उडवतं आणि पृष्ठभाग लवदार करून ठेवतं. ॲसिटल आणि नायलॉन क्लोरीनपुढे कमकुवत आहेत. वारंवार ब्लीचमध्ये ठेवले तर पृष्ठभाग पांढुरका होतो, पुढे ठिसूळ होतो. स्टेनलेस स्टीललाही सूट नाही, त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. निर्जंतुक करायलाच हवं असेल तर पातळ द्रावण घ्या, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. पहिल्यातून क्लोरीन वायू निघतो, दुसऱ्यातून क्लोरामाइनची वाफ. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत.

ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर. लेबलचा चिकट डाग काढायला लोक हेच उचलतात. एबीएस, ॲक्रिलिक आणि सेल्युलॉइड यात मऊ होतात, विरघळतात. लाकडावरचं लॅकर निघून येतं. रेझिन मुरवलेल्या लाकडात ॲक्रिलिक असू शकतं, म्हणून तिथेही लांब ठेवा. पॉलिप्रॉपिलीन, ॲसिटल, नायलॉन, जी-१०, मायकार्टा हे झटपट पुसण्यापुरतं सोसतात. चिकट डागासाठी आधी खाण्याचं तेल लावून पाहा, पाच-दहा मिनिटांत डिंक सैल पडतो. मग साबणाने तेल काढा.

सॅनिटायझर आणि स्पिरिट. लाखेचं पॉलिश अल्कोहोलमध्येच विरघळवून लावतात, तेव्हा सॅनिटायझर लागलेल्या हाताने अशी मूठ धरली की ती चिकटते आणि पांढुरकी होते. ॲक्रिलिकमध्ये अल्कोहोलने बारीक भेगांचं जाळं उठतं, विशेषतः रिव्हेटभोवती, जिथे आधीच ताण असतो. बाकीच्या बहुतेक प्लास्टिकना अल्कोहोल निरुपद्रवी.

लिंबू, व्हिनेगर. हाडाचा कडकपणा कॅल्शियम फॉस्फेटमुळे असतो आणि आम्ल नेमकं तेच विरघळवतं, म्हणून हाडाच्या मुठीला हे नकोच. लाकडाला क्षणभर लागलं तर काही बिघडत नाही, पण सांध्यात मुरलं तर आतल्या लोखंडाचा गंज वाढतो. टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त असलेल्या लाकडात, म्हणजे ओक किंवा अक्रोडात, ओलं लोखंड लागलं की रिव्हेटभोवती निळसर-काळी वर्तुळं उमटतात. तो बुरशीचा डाग नाही. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगातून झालेला रंग आहे, आणि त्यावर उपाय आहे. तो सहाव्या पायरीत येईल.

अल्कधर्मी द्रव आणि अमोनिया. तुंबलेली मोरी किंवा ओव्हन साफ करायच्या द्रवात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियम खातो, त्यावरचा ॲनोडाइज्ड थर (विजेच्या प्रक्रियेने चढवलेला संरक्षक ऑक्साइडचा थर) आधी जातो. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलंच प्रथिन; तेही अल्कलीत विरघळतं. अमोनियाचा धोका पितळेच्या रिव्हेटना आणि बोल्स्टरना (पातं आणि मूठ जुळतात तिथल्या धातूच्या जाड पट्ट्यांना). ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाच्या सान्निध्यात, काही झीज न दिसता, सरळ तडकतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवल्यावर अशीच तडकली. कारण निघालं जनावरांच्या मलमूत्रातला अमोनिया. ठोकून बसवलेला रिव्हेट कायम ताणाखालीच असतो. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, तेव्हा पितळ असलेला चाकू त्याने पुसू नका.

तेलं. इथे गोंधळ फार होतो. पात्याला लावायचं मिनरल ऑइल लाकडाला उत्तम, पण रबरासारख्या बऱ्याच मुठी तेल पिऊन फुगतात आणि बुळबुळीत होतात. पेट्रोल, रॉकेल, गंज सोडवायचा स्प्रे यांचाही तोच परिणाम. पात्याला तेल लावताना कापडाला लावून मगच पुसा, म्हणजे ओघळ मुठीत जाणार नाही. लाकडाला सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल लावू नका. ते नीट वाळत नाही, खवट होतं आणि चिकट थर धरतं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने वाळून घट्ट होतं, म्हणून ते चालतं.

डास पळवणारं क्रीम आणि सनस्क्रीन. बाहेर फिरायला नेलेल्या चाकूंची ही खास अडचण. डीईईटी हे कीटकरोधक बऱ्याच प्लास्टिकना मऊ करतं. एबीएस, पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी त्यात येतात. मुठीवर बोटांचे ठसे कायमचे उमटलेले मी पाहिलेत, अगदी अंगठ्याच्या रेषांसकट. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीनला त्याने काही होत नाही. क्रीम लावल्यावर हात पुसा, मग चाकू धरा.

## ४. ऊन नेमकं काय करतं

उन्हातली खरी झीज करणारी किरणं साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीची, म्हणजे अतिनील. त्याहून लहान लांबीची किरणं ओझोनचा थर अडवतो. खिडकीची साधी काच यूव्ही-बी (यातली लहान लांबीची किरणं) बरीचशी थांबवते, पण यूव्ही-ए (मोठ्या लांबीची) मोठ्या प्रमाणात आत येऊ देते. त्यामुळे ‘घरातच तर ठेवलाय’ हा दिलासा खिडकीसमोरच्या चाकूला लागू नाही.

लाकडात लिग्निन ही किरणं शोषतं आणि तुटतं. अतिनील किरणं लाकडात फक्त ७५ मायक्रोमीटरच्या आसपास खोल जातात, म्हणजे रंग बदललेला थर फार पातळ असतो आणि हलक्या घासण्याने निघतो. हे नव्या माणसाने लक्षात ठेवलं तर घाबरण्याचं कारण उरत नाही. मात्र तुटलेलं लिग्निन पाण्याने धुऊन गेलं की राखाडी, लवदार तंतू उरतात, आणि ते पाणी आणखी पितात. ऊन आणि पाणी आळीपाळीने लागणं हे नुसत्या उन्हापेक्षा वाईट ते यामुळे.

रंग कसा बदलेल ते लाकडावर आहे. अक्रोड फिका पडत जातो, चेरी गडद होतं. पडौकचा भगवा-लाल रंग तपकिरी होतो आणि पर्पलहार्टचा जांभळाही तपकिरीकडे झुकतो. अशा रंगावर भाळून चाकू घेत असाल तर तो रंग वर्षानुवर्षं तसाच राहील अशी अपेक्षा ठेवू नका. तेल आणि मेण अतिनील किरणं फारशी अडवत नाहीत, ती अडवतात पाणी.

प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन आणि ॲसिटल उन्हाला कच्चे. वरचा थर खडूसारखा होतो, बोटाला पांढरी भुकटी लागते, मग बारीक तडे. एबीएसमधला रबरी घटक ऑक्सिजनशी संयोग पावून पिवळा पडतो. काळी मूठ सहसा जास्त टिकते, कारण तिला काळं करणारा कार्बन ब्लॅक अतिनील किरणं शोषून घेतो. ॲक्रिलिक उन्हात फार चांगलं टिकतं.

मायकार्टा उन्हाने आणि हाताच्या तेलाने गडद होतो. पांढरा कागदी मायकार्टा पिवळसर हस्तिदंती होतो. याला मी बिघाड मानत नाही, मजबुती तीच राहते. जी-१० आणि कार्बन फायबरमधलं इपॉक्सी मात्र पिवळं पडतं आणि खडूसारखं सुटतं. ते बरंच झिजलं तर जी-१० वर काचेचे तंतू उघडे पडतात आणि तळहाताला खाज सुटते.

धातूंपैकी रंगवलेल्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा रंग उन्हात उडू शकतो, कारण तो बहुधा सेंद्रिय रंग असतो. टायटॅनियमचा निळा-जांभळा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नसतो, ऑक्साइडच्या पातळ थरावर प्रकाश खेळल्याने तो दिसतो. ऊन त्याला काही करत नाही.

किरणांबरोबर उष्णताही आहे. उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. झटपट जमणाऱ्या साध्या इपॉक्सीची पकड ५०-६० अंशांपासूनच ढिली होऊ लागते, आणि राळ किंवा लाख ओतून बसवलेली जुनी मूठ त्या उष्णतेत सरळ सुटते. गाडीत चाकू ठेवायचाच असेल तर डॅशबोर्डवर नको. सीटखाली, कापडात गुंडाळून ठेवा.

## ५. स्वतः दोन चाचण्या करा

थेंबाची चाचणी लाकडासाठी. मुठीवर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि बाजूने पाहा. थेंब गोल उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. मिनिटाभरात तो पसरला, खालचं लाकूड गडद झालं आणि पुसल्यावरही डाग दिसला, तर तेल लावायची वेळ झाली. ही चाचणी सांध्याजवळही करा. मधला भाग ठीक असूनही तिथे तेल उतरलेलं असतं.

झाकणाची चाचणी उन्हासाठी. तुमचा चाकू ज्या जागी असतो ती जागा किती कडक आहे हे कळायला त्याच जातीच्या लाकडाचा किंवा प्लास्टिकचा एक तुकडा घ्या, अर्धा ॲल्युमिनियम फॉइलने घट्ट झाका आणि तिथे काही आठवडे ठेवा. फॉइल काढल्यावर दोन्ही अर्धांच्या मधली रेघ दिसली, तर चाकूची जागा बदला.

नवा द्रव वापरण्याआधी मुठीच्या मागच्या टोकाला, न दिसेल अशा जागी, कापसाच्या काडीने थेंबभर लावा आणि थांबा. चिकट झालं, रंग काडीवर आला किंवा चमक गेली तर तो द्रव त्या मुठीसाठी नाही.

## ६. झालेलं नुकसान किती भरून येतं

राखाडी लाकूड: ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने हलकं घासा, ओल्या कापडाने पुसा, तंतू उभे राहून वाळले की ६०० ने पुन्हा. मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेलं तेल पुसून काढायचं, आणि पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. शेवटी मेण. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि घडीत अडकून चिंधी आपोआप पेटू शकते. ती पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या जागी सपाट पसरून वाळवा.

रिव्हेटभोवतीची काळी वर्तुळं: ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने जातात. ते विषारी आहे. हातमोजे घाला, फक्त डागावर लावा, वारंवार स्वच्छ पाण्याने पुसा आणि लाकूड पूर्ण वाळल्यावरच तेल लावा. फट उघडीच राहिली तर डाग परत येतो, म्हणून ती इपॉक्सीने भरा.

चिकट झालेली रबरासारखी मूठ: फक्त वरचा मऊ लेप बिघडला असेल तर तो अल्कोहोलने पुसून काढता येतो, आणि खालचं कडक प्लास्टिक चांगलं निघतं. मूठच आतपर्यंत मऊ झाली असेल तर ती बदला.

खडूसारखं झालेलं प्लास्टिक: भुकटी घासून काढली तरी ठिसूळपणा जात नाही. तडे दिसत असतील तर तो चाकू जोर लावायच्या कामाला घेऊ नका.

सेल्युलॉइड: बारीक भेगांचं जाळं, आंबट-उग्र वास आणि जवळच्या पात्यावर अचानक आलेला गंज ही विघटनाची खूण आहे. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड शेजारच्या चाकूंनाही गंजवतात. असा चाकू बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, हवाबंद डबीत कोंडू नका, आणि थंड, सावलीच्या, हवेशीर जागी ठेवा.

उघडे काचतंतू: जी-१० कोरडा घासू नका. वाहत्या पाण्याखाली किंवा ताटलीत पाणी घेऊन ६०० च्या पॉलिश पेपरने घासा, मास्क लावा, भुकटी वाळू न देता धुऊन टाका. पृष्ठभाग पूर्ण वाळला की इपॉक्सीचा किंवा पॉलियुरेथेन व्हार्निशचा पातळ हात देऊन तंतू बंद करा, आणि तो नीट जमेपर्यंत चाकू वापरायला काढू नका.